छत्तीसच्या नोंदीत काय ठेवावे?

३६ या संख्येविषयी खरी विधाने हवी तेवढी करता येतात. ३६ म्हणजे ३५ मध्ये १ मिळवून येणारी संख्या, ७२ ची निमपट, तीन डझन, सम, ३७ च्या अलीकडची. यांतले एकही विधान चुकीचे नाही आणि एकही कोशात छापण्याजोगे नाही. एखाद्या संतकवीवर किंवा किल्ल्यावर नोंद लिहिताना माहिती मिळत नाही ही अडचण असते. संख्येच्या बाबतीत ती संपत नाही ही अडचण असते. त्यामुळे संख्येवर लिहिणाऱ्याचे निम्म्याहून अधिक काम गाळण्याचे आहे.

मराठीत या कामाचे दोन नमुने समोर आहेत. श्री. शा. हणमंते यांच्या 'संख्या-संकेत कोशा'त आकडा हाच मथळा असतो आणि त्याखाली त्या आकड्याने मोजल्या जाणाऱ्या गोष्टी येतात. जुना ग्रंथ वाचताना 'अष्टभैरव' किंवा 'चौदा विद्या' असा शब्द आडवा आला की नावांसाठी तो उघडायचा. संग्रह हेच त्याचे प्रयोजन, म्हणून गाळण्याचा प्रश्न तिथे फारसा येत नाही. मराठी विश्वकोशाची रीत वेगळी आहे. तिथे विषय मथळ्याला असतो आणि शेजारच्या बाबी 'पहा' म्हणून दुसऱ्या नोंदीकडे वळवलेल्या असतात. संख्येवरची ज्ञानकोशीय नोंद या दोहोंच्या मधली आहे. तिला मोह संग्रहाचा होतो आणि शिस्त विश्वकोशाची पाळावी लागते.

गाळणीची पहिली जाळी सोपी आहे: संख्येच्या जागी शेजारची संख्या ठेवून पाहावी. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत, हे विधान घ्यावे. १ मे १९६० रोजी राज्य झाले तेव्हा जिल्हे २६ होते. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून वेगळा निघाला. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला आणि आकडा ३६ वर आला. उद्या आणखी एक जिल्हा झाला तर आकडा ३७ होईल. महाराष्ट्राचे काहीतरी बदलेल. छत्तीसचे काहीही बिघडणार नाही. म्हणजे हे विधान महाराष्ट्राविषयी आहे, छत्तीसविषयी नाही.

आता पत्रिका जुळवताना म्हटले जाणारे 'छत्तीस गुण' घ्यावेत. अष्टकूट पद्धतीत वर्णाला १ गुण, वश्याला २, तारेला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, भकूटाला ७ आणि नाडीला ८. यांची बेरीज ३६. इथे शेजारचा आकडा बसत नाही. ३७ म्हटले की सगळी शिडीच मोडते. १ पासून ८ पर्यंतच्या बेरजेमुळे ३६ ही त्रिकोणी संख्या ठरते, आणि गुणमेलनाचा छत्तीस नेमका तिथूनच आला आहे. पत्रिका जुळवण्यावर कोणाचा विश्वास असो वा नसो, हे विधान नोंदीत राहते. नोंद लिहिणारा ज्योतिषाची ग्वाही देत नसतो, एका पद्धतीची घडण सांगत असतो. वाक्यही त्याच बेताने लिहावे: 'अष्टकूट पद्धतीत एकूण गुण ३६ धरतात'. 'छत्तीस गुण जुळले की विवाह सुखाचा होतो' हे वाक्य कोशाचे नव्हे.

छत्तीसचा आकडा हा वाक्प्रचारही याच कसोटीवर टिकतो, आणि त्याच्याइतके लिपीला चिकटलेले उदाहरण क्वचितच सापडेल. ३ ची उघडी बाजू डावीकडे, ६ ची उजवीकडे. ३६ लिहिले की दोघांची पाठीला पाठ लागते. उलट ६३ लिहिले की दोघे समोरासमोर येतात. भांडलेल्या भावकीसाठी ३६ आणि मेतकूट जमलेल्यांसाठी ६३ ही उपमा देवनागरी अंक डोळ्यांसमोर असल्याशिवाय कळत नाही. इंग्रजी आकड्यांत ती विरून जाते. म्हणून मराठी कोशात हे विधान मूळ आकृतीसह द्यावे. दुसऱ्या भाषेतल्या कोशातली नोंद उचलून मराठीत आणली तर नेमके हेच सुटते. एकाच ३६ ने पत्रिकेत पूर्ण जुळणी दाखवावी आणि बोलण्यात पूर्ण फाटाफूट, ही गंमत टिप्पणीशिवाय नुसती दोन वाक्ये शेजारी ठेवूनही वाचकापर्यंत पोचते.

जिल्ह्यांसारखी विधाने गाळणे सोपे असते. परंपरेतल्या याद्यांचे तसे नाही. बारा ज्योतिर्लिंगांपैकी तीन मराठवाड्यात मानली जातात: वेरूळचे घृष्णेश्वर, परळीचे वैजनाथ आणि औंढ्याचे नागनाथ. वैजनाथाचा मान झारखंडातील देवघरकडेही सांगितला जातो आणि नागेशाचा द्वारकेजवळच्या नागेश्वराकडे. दोन्ही ठिकाणचे भाविक आपापल्या जागी ठाम आहेत. पण या वादात एक गोष्ट कोणीच सोडत नाही: एकूण बारा. चौदा ज्योतिर्लिंगे मानून भांडण मिटवावे, असे कोणी सुचवत नाही. इथे संख्या यादीपेक्षा पक्की आहे. बारा बलुतेदारांचेही तेच. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा' या १९१५ च्या पुस्तकापासून पुढे बलुत्यांच्या ज्या ज्या याद्या निघाल्या, त्यांत गावागणिक फरक दिसतो. एका गावी जो बलुतेदार तोच दुसरीकडे अलुतेदार. पण बलुते बाराच म्हणायचे. जिथे सदस्य बदलतात आणि आकडा टिकतो, तिथे ती गोष्ट त्या आकड्याची झाली असे धरायला हरकत नाही. अशा वेळी नोंदीत यादी देण्याची घाई करू नये. 'बारा' या नोंदीत 'ज्योतिर्लिंगे बारा मानतात. स्थानांविषयी मतभेद आहेत' एवढे पुरे. पूर्ण यादी आणि वाद 'ज्योतिर्लिंगे' या नोंदीत.

याच न्यायाने पूर्णांक नसलेल्या एका संख्येला मराठी कोशात स्वतंत्र नोंद द्यावी लागते. ती म्हणजे साडेतीन. साडेतीन शक्तिपीठे (कोल्हापूर, तुळजापूर, नांदेड जिल्ह्यातले माहूर आणि अर्धे सप्तशृंगी), साडेतीन मुहूर्त, पेशवाईतले साडेतीन शहाणे, साडेतीन हात देह. शहाण्यांत सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पुरे तीन आणि नाना फडणीस अर्धा. मुहूर्तांमधला अर्धा कोणता यावर पंचांगवाल्यांत आणि घराघरांत दोन मते आढळतात, पण बेरीज साडेतीनच. या संख्येला मराठीत 'औट' असे जुने नावही आहे, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांच्या पंक्तीत औटकीचा पाढा पूर्वी शाळेत म्हणून घेत. स्वतःचे नाव, स्वतःचा पाढा आणि चार पक्के संकेत असलेल्या संख्येपुढे 'ती पूर्णांक नाही' ही सबब टिकत नाही. साडेसहाला यांतले काहीच नाही, म्हणून साडेसहाची नोंद नाही.

संख्यानामाविषयीची माहिती कुठवर द्यावी, हा प्रश्न इथे येतो. एकोणचाळीस म्हणजे 'चाळिसाला एक उणा' हे त्या नोंदीत येते. ऐंशीच्या घरात ८९ ला एकोणनव्वद म्हणायचे आणि नव्वदीत ९९ ला मात्र नव्याण्णव, हा अपवाद ९९ च्या नोंदीत येतो, कारण तो त्या नावाचा विशेष आहे. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' ही वाचनपद्धती आली आणि राज्यभर वाद झाला. तो २१ च्या नोंदीचा विषय नाही. तो एकवीसपासून नव्याण्णवपर्यंत सगळ्यांना सारखाच लागू होतो, म्हणून त्याची जागा 'संख्यानामे' या नोंदीत आहे. अनेकांना समान लागू होणारी गोष्ट एकाच्या दारात ठेवू नये.

गणिती विधानांकडे वळले की हाच नियम जास्त कडक होतो. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ अशी ३२ वर्षे शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचा ६१७४ हा स्थिरांक घ्यावा. कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक एकच नसावेत एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करायची आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करायचे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच राहते.

नांदेडकरांना दोन साले पाठ असतात. गुरू गोविंदसिंगांच्या निर्वाणाचे १७०८ आणि मराठवाडा मुक्तीचे १९४८. १७०८ चे अंक मांडून ८७१० वजा ०१७८ = ८५३२; पुढे ८५३२ वजा २३५८ = ६१७४. दोन पायऱ्या. १९४८ चे ९८४१ वजा १४८९ = ८३५२; पुढे पुन्हा ८५३२ वजा २३५८ = ६१७४. इथेही दोनच पायऱ्या. दोन्ही साले दोन पावलांत एकाच ठिकाणी पोचतात हे पाहून हात शिवशिवतात, आणि सोशल मीडियावर असा मजकूर फिरायला वेळ लागत नाही. पण ८५३२ आणि ८३५२ यांचे अंक तेच आहेत, म्हणून दुसरी पायरी एकच. आणि मुळात वरची अट पाळणारी प्रत्येक चार अंकी संख्या कधी ना कधी तिथे पोचतेच. १९४८ च्या नोंदीत हे विधान शून्य किमतीचे आहे. ६१७४ च्या नोंदीचा मात्र तोच कणा आहे. रस्ता कुठे संपतो हे सांगणारे विधान मुक्कामाच्या नावे लिहायचे, वाटेतल्या प्रत्येक गावाच्या नावे नाही.

कापरेकरांनीच 'हर्षद' हे नाव दिलेल्या संख्यांचे उदाहरण उलट बाजूने उपयोगी पडते. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी ती हर्षद संख्या. ३६ चे अंक मिळून ९ होतात आणि ३६ ला ९ ने भाग जातो, म्हणून ३६ हर्षद. विधान खरे, नाव मराठी माणसाने दिलेले, मग ठेवायचे का? १ ते १०० मध्ये अशा ३३ संख्या आहेत. तीनांतल्या एकीकडे जे आहे ते कोणाचे वैशिष्ट्य म्हणता येत नाही. त्या मानाने परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज जिच्याएवढी येते ती, १०० च्या आत फक्त दोन आहेत: ६ आणि २८. त्या दोन नोंदींत हे विधान पहिल्या ओळीत हवे. विरळपणा मोजता येतो, म्हणून 'मला रंजक वाटले' यापेक्षा तो भरवशाचा. गणवेशाच्या रंगावरून शाळेतला मुलगा ओळखता येत नाही. तसेच 'सम आहे', 'संयुक्त आहे' या विधानांचे. अपवाद २ चा. २ ही एकमेव सम मूळ संख्या, म्हणून तिथे 'सम' हा शब्द नोंदीत शिरतो.

'सर्वांत लहान', 'एकमेव', 'पहिली' हे शब्द ज्या विधानात खरेपणाने येतात ते सहसा ठेवण्याजोगे असते. १७२९ ही दोन धन घनांची बेरीज दोन वेगळ्या प्रकारे होणारी सर्वांत लहान संख्या (१ + १७२८ आणि ७२९ + १०००). रामानुजनांनी इंग्रज गणितज्ञ हार्डींना आजारपणात सांगितल्यामुळे ती गाजली, पण फ्रेनिक्ल द बेसी या फ्रेंच गणितज्ञाला ती १६५७ मध्येच ठाऊक होती. दोन्ही गोष्टी नोंदीत हव्यात, आणि गाजण्याचे श्रेय व शोधाचे श्रेय वेगवेगळ्या वाक्यांत. ३६ च्या बाबतीत असे विधान आहे: १ सोडली तर वर्ग आणि त्रिकोणी दोन्ही असलेली ती सर्वांत लहान संख्या. पुढची थेट १२२५.

एकाच गोष्टीला दोन अंगरखे घालून दोनदा उभे करणे ही संख्यानोंदींतली नेहमीची चूक. ३६ = २ × २ × ३ × ३ असे एकदा लिहिले की ती सम आहे, ९ ने भागली जाते, १२ ने भागली जाते, पूर्ण वर्ग आहे, हे सगळे त्यातच आले. १, २ आणि ३ यांच्या घनांची बेरीज ३६ होते, हे वाक्य पहिल्या वाचनात चमकदार वाटते; पण १ पासूनच्या घनांची बेरीज नेहमीच १ पासूनच्या बेरजेचा वर्ग असते, आणि १ + २ + ३ = ६. ९, ३६, १००, २२५ अशी रांगच लागते. विधान खोटे नाही, फक्त ते एका सूत्राचे उदाहरण आहे आणि सूत्राच्या नोंदीत जास्त शोभते.

अंकांच्या मांडणीवर अवलंबून असलेल्या गमतींना जागा किती द्यावी, यावर मतभेद जुना आहे. हार्डींनी १९४० च्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ यांचे उदाहरण दिले. उलट्या लिहिलेल्या आपल्याच रूपाच्या पूर्ण पटीत येणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच: ८७१२ = ४ × २१७८ आणि ९८०१ = ९ × १०८९. वर्तमानपत्रातल्या कोड्याला हे छान, गणितज्ञाला यात काही नाही, असा त्यांचा निकाल. त्यामागे कारण आहे. दहाच्या ऐवजी आठाच्या किंवा बाराच्या पायावर संख्या लिहिल्या की या गमती नाहीशा होतात, वर्ग आणि त्रिकोण मात्र जसेच्या तसे राहतात. कापरेकरांचे जवळपास सगळे काम दशमान अंकांवरचे. त्यामुळे भारतात बराच काळ त्यांची दखल तोकडीच घेतली गेली. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर ते जगभर माहीत झाले.

हार्डींचा निकाल कोशाने जसाच्या तसा उचलू नये. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या वाचकाला याचे उत्तर घराजवळ सापडते. तिथला किल्ला आणि जगत्तुंग समुद्र हा तलाव राष्ट्रकूटांची आठवण सांगतात. त्याच घराण्यातल्या अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह' लिहिला आणि आरंभी अमोघवर्षाची स्तुती केली. या ग्रंथात गुणाकाराच्या उदाहरणांत उत्तरे माळेसारखी यावीत अशी योजना आहे. १४२८५७१४३ ला ७ ने गुणले की १०००००००१ येतात. १२३४५६७९ ला ९ ने गुणले की नऊ एकांची रांग. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१. अशा उत्तरांना महावीराचार्य कंठ्याची उपमा देतो. शेवटची संख्या तो 'एकपासून सहापर्यंत चढणारी आणि क्रमाने उतरणारी' अशा अर्थाच्या शब्दांत सांगतो. हीच संख्या सहा एकांच्या, म्हणजे ११११११ या संख्येचा वर्ग आहे, आणि सुमारे ११०० वर्षांनी कापरेकरांनी अभ्यासलेल्या 'डेम्लो' संख्यांत ती येते. हे नाव त्यांनी मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावरून ठेवले. दशमान लेखन ही भारताने जगाला दिलेली गोष्ट आणि तिच्या अंकांशी खेळण्याची परंपरा नवव्या शतकापासून लेखी सापडते. मराठी कोशात या गमतींना जागा आहे. ती पायावर अवलंबून नसलेल्या विधानांच्या खाली आणि 'दशमान लेखनात' हे दोन शब्द लावून. श्रेय देताना क्रम चुकवू नये: १२३४५६५४३२१ कापरेकरांनी शोधली असे लिहिणे चूक आहे.

मोजमापाने येणारे आकडे गाळताना मन कचरते, कारण त्यामागे माणसांच्या आठवणी असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप कुठे ६.२ तर कुठे ६.४ तीव्रतेचा लिहिलेला आढळतो. मापनपद्धती बदलली की आकडा बदलतो. तो भूकंपाच्या नोंदीत, पद्धतीच्या उल्लेखासह जातो. याच्या उलट क्रिप्टॉनचा अणुक्रमांक ३६ हे मोजमाप वाटले तरी ती व्याख्या आहे. केंद्रात ३६ प्रोटॉन नसतील तर ते क्रिप्टॉन नव्हेच. म्हणून ते राहते.

अंदाज आणि अचूक यांची सरमिसळ सर्वांत जास्त १०८ च्या नोंदीत होते. सूर्याचे अंतर त्याच्या व्यासाच्या १०८ पट, चंद्राचेही १०८ पट, सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०८ पट, अशी तीन वाक्ये जोडीने फिरतात. हिशेब केला तर ती गुणोत्तरे सरासरीने अनुक्रमे सुमारे १०७.५, ११०.६ आणि १०९ येतात. शेजारची संख्या ठेवण्याची कसोटी इथे निसर्गानेच लावून दिली आहे. ही वाक्ये गाळावीत, किंवा लोकसमज म्हणून प्रत्यक्ष आकड्यांसह द्यावीत. १०८ ला उसन्या दागिन्यांची गरज नाही. जपमाळेचे मणी १०८, मुक्तिकोपनिषदातली उपनिषदांची यादी १०८ ची, आणि गणितात १ × २² × ३³ = १०८ हे नेटके रूप.

२०१४ पासून महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. तो नोंदीत घ्यावा का? सरकारी क्रमांक हा सहसा कोणाही आकड्याला चिकटवलेला बिल्ला असतो. नांदेडच्या गाड्यांवर एमएच-२६ आणि लातूरच्या गाड्यांवर एमएच-२४ असते. २६ आणि २४ या संख्यांना त्याची खबरही नसते. तुळजापूर, लातूर, नांदेडवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ हा ६१ क्रमांकाच्या महामार्गाची शाखा म्हणून तसा क्रमांकित झाला. ३६१ हा १९ चा वर्ग आहे याच्याशी रस्त्याचा संबंध नाही. हे सगळे ज्या त्या जिल्ह्याच्या आणि रस्त्याच्या नोंदीत. १०८ चे तसे राहिलेले नाही. वाडीवस्तीवर रात्री कोणाच्या छातीत दुखू लागले तर 'एकशेआठ बोलवा' म्हणतात आणि 'एकशेआठ आली' म्हणून सांगतात. आकडा गाडीचे नाव झाला. क्रमांक बोलीत नाम म्हणून रुळला की तो नोंदीत येतो. सातबारा तर इतका रुळला की तो ७ मध्येही बसत नाही आणि १२ मध्येही. गावनमुना ७ आणि गावनमुना १२ मिळून झालेल्या त्या शब्दाला स्वतंत्र नोंद आणि दोन्ही संख्यांकडून 'पहा'.

४२० ची नोंद सध्या अनेक ठिकाणी शिळी झाली आहे. भारतीय दंड संहितेत फसवणुकीचे कलम ४२० होते; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ते ३१८ (४) झाले. खुनाचे ३०२ आता १०३ आहे. पण 'चारसोबीस' हा शब्द कोणी बदलला नाही. १९५५ चा 'श्री ४२०' त्या नावानेच पाहिला जातो, आणि 'तीनशेअठरा माणूस' असे कोणी म्हणत नाही. नोंदीत कलमाविषयी भूतकाळ आणि शब्दाविषयी वर्तमानकाळ वापरावा. ३१८ च्या नोंदीत मात्र आज काही भर घालू नये.

एकच विधान हाताशी असेल तर नोंद करू नये, हेही नियमात धरावे. गुरू ग्रंथसाहिबच्या प्रमाण प्रतीत १४३० पाने असतात आणि कोणत्याही गुरुद्वारात पानाचा क्रमांक सांगून तोच मजकूर काढता येतो. नांदेडमध्ये १७०८ साली गुरुगादी ग्रंथाकडे आली, त्यामुळे इथल्या वाचकाला हा आकडा जवळचा. तरीही १४३० ची नोंद एका वाक्यावर उभी राहत नाही; ते वाक्य ग्रंथाच्या नोंदीत सुखाने नांदते. एकमेकांवर अवलंबून नसलेली तीन तरी ठोस विधाने असली तर मथळा द्यावा, हे प्रमाण व्यवहारात चांगले चालते. डेव्हिड वेल्स यांनी १९८६ च्या आपल्या संख्याकोशात ३९ ही पहिली नीरस संख्या दिसते आणि म्हणूनच ती रंजक ठरते, असा विनोद केला आहे. विनोद एकदाच चालतो. ४० च्या पुढच्या प्रत्येक नीरस संख्येला तो लावता येत नाही.

या सगळ्यातून गाळून ३६ ची नोंद पुढीलप्रमाणे उरते.

छत्तीस (३६): सं. षट्त्रिंशत्. ३६ = २² × ३². १ खेरीज वर्ग व त्रिकोणी अशी दोन्ही असणारी सर्वांत लहान संख्या (६ × ६, १ ते ८ ची बेरीज). क्रिप्टॉन या मूलद्रव्याचा अणुक्रमांक. पत्रिका जुळवण्याच्या अष्टकूट पद्धतीत एकूण गुण ३६ धरतात. आठ कूटांना अनुक्रमे १ ते ८ गुण असतात. देवनागरीत ३ व ६ हे अंक एकमेकांकडे पाठ करून येतात, त्यावरून वैर या अर्थी 'छत्तीसचा आकडा' हा वाक्प्रचार, त्याविरुद्ध ६३. छत्तीसगड हे प्रदेशनाम परंपरेने ३६ गडांवरून आले असे सांगतात. पहा: अष्टकूट, छत्तीसगड, त्रिकोणी संख्या, त्रेसष्ट.

एवढ्या नोंदीला छापील पानाचा अष्टमांशही लागत नाही. हर्षदपणा 'हर्षद संख्या' या नोंदीत गेला, घनांची बेरीज सूत्राकडे गेली, आणि ३६ जिल्ह्यांचे वाक्य 'महाराष्ट्र' या नोंदीत, १ ऑगस्ट २०१४ पासून असा दिनांक लावून.